थोरलीला पडलेली मतं

विमलजिजी,

तुझ्या आधी मी मेले होते, हे तुझ्या दारावर दुखवट्याला आलेल्या बायकांच्या अजून लक्षात आहे. परवा मी तुझ्या ओट्यावर बसले होते. भेस्तानहून आलेल्या एका म्हातारीने माझ्याकडे दोनदा निरखून पाहिलं, शेजारणीला कोपराने ढोसलं आणि विचारलं, "हाईच ना वं ती पहिली रुख्मा? ती ते मरेल व्हती ना?" शेजारीण म्हणाली, "मरेल नव्हती वं माय, तवढी गंमत व्हयेल व्हती." आणि मग रडायला आलेल्या त्या दोघी पदरात तोंड घालून हसल्या. आत भाऊजी भिंतीला टेकून बसलेले, तुझ्या मनीषाचे डोळे सुजलेले, आणि ओट्यावर ह्यांचं हे चाललेलं. पाच वर्षांपूर्वी ह्याच गोष्टीवरून मी तुझ्या घरात येऊन तुला नाही नाही ते बोलले होते. परवा मात्र मला वाटलं, तू असतीस तर सगळ्यांच्या आधी तूच हसली असतीस.

तू कुठल्या गावची, कुणाची लेक, कुणाची सून, हे मी इथे लिहिणार नाही. ते भाऊजींनी छापून घेतलेल्या उत्तरकार्याच्या कार्डावर आहे, आणि त्यातलं तुझं वय चुकलेलं आहे असं मनीषा म्हणते. मला आपलं भांडण पुरं करायचं आहे. ते अर्धं राहिलं आणि अर्धं राहिलं ते माझ्यामुळे, हे आधीच कबूल करून टाकते.

काल शाळेत आमच्या नव्या बाईंनी विचारलं, "त्या तुमच्या कोण लागायच्या हो?" मला पटकन सांगता येईना. रक्ताचं नातं नाही, गाव एक नाही, गल्लीसुद्धा एक नाही. मी म्हटलं, "आम्ही दोघी एकाच माणसाच्या बायका होतो." बाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. मग मला बसून त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. तुला माहीत असलेलंच आहे, पण सांगताना मला त्यात काही नवीन दिसत गेलं, म्हणून पुन्हा सांगते.

हसमुखभाईंचा धंदा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा, आणि लिंबायतच्या अर्ध्या गल्ल्यांना केबल त्यांचीच. केबलवर दिवसभर पिक्चरच्या कॅसेटी आणि मधूनमधून साडीच्या दुकानांच्या जाहिराती. लग्नसराई सरली की कॅमेरा घरात नुसता पडून राहायचा, म्हणून त्यांनी इथे कारखान्यांत कामाला आलेल्या आपल्या खानदेशी लोकांसाठी मालिका काढली, 'खोली नंबर सतरा'. रविवारी दुपारी वीस मिनिटं, आणि हजीऱ्याला, इच्छापोरला कंत्राटावर जाणाऱ्या शिफ्टवाल्यांसाठी तीच पुन्हा सोमवारी सकाळी. शूटिंग व्हायचं कारखाने बंद असतात त्या दिवशी, कारण एरवी यंत्रमागांच्या खटाखटीत कुणाचंच बोलणं कॅमेऱ्यात नीट येत नसे. खोलीतला नवरा गजमल म्हणजे आपले आधारभाऊ, जे एरवी लूमवर फिटर होते. त्याची तोंडाळ बायको रुख्मा म्हणजे मी. एकोणीस वर्षांची, बारावी पास आणि स्वतःवर भारी खूश. मालिका लिहायचीही मीच, त्यामुळे रुख्माला गजमलपेक्षा दुप्पट बोलायला मिळायचं. आधारभाऊंनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. त्यांना पाठच होत नसे.

त्यातला निवडणुकीचा भाग मी जीव ओतून लिहिला होता. गल्लीच्या पाणी कमिटीचा प्रमुख निवडायचा असतो. गजमल उभा राहतो. रुख्मा म्हणते, नळावर मी उभी राहते, कमिटीत हा कसा? आणि तीही उभी राहते. एकाच खोलीत दोन उमेदवार, चुलीपाशी तिचा प्रचार, खाटेवर ह्याचा. शेवटी मतं पडतात, आणि गजमल कुणाला न सांगता स्वतःचं मत बायकोला टाकतो. ती एका मताने निवडून येते आणि दीड पानाचं भाषण करते. ते दीड पान मी फक्त माझ्यासाठी लिहिलं होतं. मोरीतल्या आरशासमोर मी ते इतक्या वेळा म्हटलं की आईला पाठ झालं होतं.

आणि नेमकं तेव्हाच मला नंदुरबारहून डी.एड.च्या प्रवेशाचं पत्र आलं. चार दिवसांत निघायचं होतं. मी वही हसमुखभाईंच्या हातात दिली आणि सांगितलं, बाकीचे भाग कुणाकडूनही करून घ्या, हा एवढा मी सुट्टीत येईन तेव्हासाठी ठेवा. त्यांनी मान हलवली. हसमुखभाईंची मान कशालाही हलते हे मला माहीत असायला हवं होतं.

तू कशी सापडलीस ते मला आधारभाऊंनी सांगितलं. नळावरच्या गर्दीच्या एका सीनमध्ये तू मागे कळशी घेऊन उभी होतीस. तुला एक शब्दही नव्हता. गजमल काही मूर्खपणाचं बोलला आणि तू त्याच्याकडे नुसतं बघितलंस. आधारभाऊ म्हणाले, "तिनी देखं आनं मी मनं वाक्य इसरी गऊ." कॅसेट पुन्हा लावून बघताना हसमुखभाईंनी तिथे बोट ठेवलं. तुला तेव्हा वाचता येत नव्हतं. तू घरी साड्यांच्या धागा कटिंगचं काम करायचीस, मांडीवर साडीचा ढीग आणि हातात ती लहान कात्री. मनीषा, तुझ्या थोरल्या सवतीची पोर, तेव्हा दहा-अकरा वर्षांची, शाळेतून आली की तुझ्यासमोर बसून माझी वही वाचायची आणि तू धागे कापता कापता ऐकायचीस. दोनदा वाचलं की झालं. मला स्वतः लिहिलेलं पाठ करायला चार दिवस लागायचे.

हसमुखभाईंनी तुला सांगितलं की शोभाबेन, म्हणजे मी, करायची तसंच कर, कमरेवर हात ठेवून, मोठ्याने. तू हो म्हणालीस आणि केलंस आपल्या मनाचंच. माझी रुख्मा ओरडायची. तुझी रुख्मा कात्री चालवत राहायची, वर बघायचीच नाही, आणि हळू आवाजात असं काही बोलायची की गजमलला खाटेवर पाय पोटाशी घ्यावे लागायचे. ते मी फार उशिरा पाहिलं. तेव्हा नुसतं ऐकलं की नवीन बाई ओरडत नाही, आणि मनात म्हटलं, मग ती काय रुख्मा.

त्या काळात टीव्हीवरच्या मालिकांतही चेहरे बदलायचेच. एका आठवड्यात एक सून, पुढच्या आठवड्यात तीच सून दुसरीच कुणी, खाली एक पाटी यायची की ही भूमिका आता अमुक करतील. लोक दोन दिवस कुरकुरायचे आणि सोडून द्यायचे. आपल्याकडेही तसंच झालं असतं. पण तुझ्या गळ्यात टाक होता.

नव्या बाईंना मी इथे थांबून समजावलं. आपल्यात दुसरेपणावर दिलेली बाई पहिलीच्या नावाचा चांदीचा लहानसा टाक गळ्यात घालते. नवं लुगडं आधी त्याला लावायचं, सणाचा घास आधी त्याला दाखवायचा, मग आपण खायचं. पहिली वारलेली असते तेव्हाच तो गळ्यात येतो, आणि गमतीत, नाटकात, सोंगात कुणी तो घालत नाही. एवढं कळलं की पुढचं सगळं कळतं.

कॅमेऱ्याचा दिवा टाकावर पडला की चमक यायची. हसमुखभाई म्हणाले, "बेन, गळामांथी आ काढी नाखो ने, लाइट मारे छे." तू म्हणालीस, "हाऊ मी काढनार नही." ते म्हणाले, पदराखाली घ्या. तू म्हणालीस, "दपाडनार बी नही." शेवटी त्यांनी दिवाच बाजूला सरकवला. आजपर्यंत हसमुखभाईंनी कुणासाठी दिवा सरकवलेला मला तरी माहीत नाही.

आणि त्या दिवशी त्यांनी शूट करायला घेतला तो माझा निवडणुकीचा भाग. मतदान खरं दिसावं म्हणून त्यांनी गल्लीतल्या गर्दीला खरोखरच्या चिठ्ठ्या दिल्या. गजमल लिहा नाहीतर रुख्मा लिहा, काय लिहायचं ते लिहा, शेवटी आधारभाऊ वहीत आहे तोच निकाल वाचतील, असं ठरलं. आधारभाऊंनी डबा उघडला. पण समोर खरा कागद असला की आधारभाऊ तो खरा वाचणार, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. पहिली चिठ्ठी गजमल. दुसरी रुख्मा. तिसरी त्यांनी उघडली आणि अडले. तिच्यावर लिहिलेलं होतं, 'जुनी रुख्मा'.

थोडी थट्टा होती, थोडं खरं होतं. बायकांना माझी सवय होती. अशा चिठ्ठ्या येतच राहिल्या. कॅमेरा चालू, तू समोर उभी आणि तुझ्या तोंडावर तुला नको म्हणणारी मतं वाचली जात होती. आधारभाऊंनी सावरायला म्हणून म्हटलं, "जुनी काय नि नवी काय, रुख्मा ते एकच ना? एकठ्ठी मोजूत."

वहीत पुढे तुझं काहीच वाक्य नव्हतं. तू म्हणालीस, "नही. येगयेगळी मोजा. थोरलीले पडेल मत थोरलीनंच."

मोजली. जुनी रुख्मा एका मताने पुढे निघाली. तू टाकावर बोटं ठेवलीस आणि म्हणालीस, "थोरली निवडी वनी. तिना नाववर मी काम करसु. चला, नळ उघडा." भाग संपला. माझं दीड पानाचं भाषण वहीतच राहिलं.

तो भाग रविवारी लागला. पुढच्या रविवारी मी नंदुरबारहून गाडीत बसून घरी आले, आठवडाभराची सुट्टी होती. गल्लीच्या तोंडाशीच मला रडणं ऐकू आलं. आमच्या दारात वीस-पंचवीस बायका बसलेल्या, मध्ये आई ऊर बडवत होती. माझा जीव उडाला, मला वाटलं बापू गेले. मी पिशवी टाकून धावले. एका बाईने मान वर केली आणि किंचाळली, "व माय! हाई ते जित्ती शे!" दोघी-तिघी उठून पळाल्या. आईने आधी माझ्या कानाखाली वाजवली आणि मग मला मिठी मारली, ती सोडेचना.

मग उलगडा झाला. हसमुखभाई कॅसेट भेस्तानच्या केबलवाल्यालाही द्यायचे. तिथे भाग बघितलेल्या बायकांनी विचार केला. नव्या बाईच्या गळ्यात टाक आहे. ती थोरली-थोरली म्हणते, टाकाला हात लावते. पहिली मुलगी तीन महिने गल्लीत दिसलेली नाही. आता सोंगासाठी टाक कोण घालतं? म्हणजे पोरगी नंदुरबारला वारली आणि घरच्यांनी दबवून ठेवलं. मग शहाणपण करून त्या आईला धीर द्यायला आल्या. आईला वाटलं, ह्यांना नंदुरबारहून निरोप मिळाला आणि आपल्यालाच कसा नाही मिळाला. त्यांनी गळा काढला म्हणून हिने काढला. एक तासभर माझी आई मला रडली होती.

तो तास मी तुला माफ करायला तयार नव्हते. तशीच, प्रवासाच्या कपड्यांनी, मी तुझ्या खोलीवर आले. तू साड्या पसरून बसली होतीस. मी दारातूनच सुरुवात केली, "तुले मनी जागा लेनी व्हती ते ली लेती. माले मारं कसाले?"

तू म्हणालीस, "बठ. पाणी पी."

मी बसले नाही. मी म्हटलं, माझा भाग घेतलास, माझं भाषण खाल्लंस, माझा शेवट बदललास आणि वर लोकांना रडायला माझ्या आईच्या दारात पाठवलंस. तू कात्री खाली ठेवलीस. आईचं ऐकून तुझा चेहरा उतरला होता, ते मला दिसलं होतं, पण मी न दिसल्यासारखं केलं. तू म्हणालीस, "मायना मी पाय धरसु. चाल, आत्तेच चाल." आणि मग म्हणालीस, "पन हाऊ टाक मी नाटकसाठे घालेल नही. दहा वरीस व्हयनात, आंग धोतांना बी काढत नही. मनीषा वरीसभरनी व्हती तवय मी ह्या घरमा वनु. भांडा तिना, खाट तिनी, पोर तिनी. लोके म्हनेत, तिनी जागा लिधी. जागा कोनी लेस नही, माय. बाजूले बठनं पडस."

मी म्हटलं, "माले शिकाडू नको." आणि निघून आले.

त्याच संध्याकाळी तू खरोखर आमच्या घरी येऊन आईच्या पाया पडलीस. आईने तुला उठवलं, चहा पाजला, आणि माझ्यादेखत म्हणाली, भाग चांगला झाला गं. मी आतल्या खोलीत जाऊन बसले.

दोन वर्षांनी मी शिकून परत आले, शाळेत लागले. हसमुखभाई घरी आले आणि म्हणाले, "बेन, पाछां आवी जाओ, विमलबेनने हूं समजावी दइश." मला पुन्हा रुख्मा करायला बोलवत होते. मी काही न ठरवताच शूटिंगला गेले. तू मला गर्दीत पाहिलंस, कात्री आणि साडी बाजूला ठेवलीस आणि खाटेवरची जागा रिकामी केलीस. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "नको, मला शाळा असते, वेळ कुठे आहे." लोक म्हणाले, शोभाताईचं मन मोठं आहे. आधारभाऊंनी तर पुढे चार ठिकाणी सांगितलं. जिजी, मन-बिन काही मोठं नव्हतं. तुझा आधीचा सीन मी मागे उभी राहून बघितला होता. गजमल नोकरी सुटल्याचं लपवतो आणि रुख्माला ते आधीच कळलेलं असतं, तो सीन. तू एकही धागा चुकवला नाहीस आणि फक्त त्याच्या ताटात एक भाकरी जास्त वाढलीस. ते मी लिहिलेलं नव्हतं, कुणीच लिहिलेलं नव्हतं. मी तिथे उभी राहून पाहिलं की मला हे येत नाही, आणि येणारही नाही. घाबरून नको म्हणाले आणि मोठ्या मनाची ठरले. तुला ते कळलं होतं असं मला नेहमी वाटत आलं. तू कधी तसं दाखवलं नाहीस, म्हणून जास्तच वाटलं.

नंतरची तीन वर्षं आपलं बरं जमलं. तू नळावर, भाजीवाल्याकडे, दवाखान्याच्या रांगेत सगळ्यांची रुख्माबाई झालीस. हजीऱ्याहून शिफ्ट करून आलेली माणसं रस्त्यात तुला राम राम करायची आणि तू डोक्यावरचा पदर सारखा करून पुढे जायचीस. माझ्या शाळेच्या गॅदरिंगला तू येऊन शेवटच्या बाकावर बसलीस. सगळ्यांनी नायकाचं काम करणाऱ्या पोराचं कौतुक केलं. तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, मागे उभी असलेली दोन वेण्यांची पोर बघ, तिला बोलायला काही नाही पण ती सगळ्यांचं ऐकते, पुढच्या वर्षी तिला घे. पुढच्या वर्षी मी तिला घेतलं. तुझं बरोबर होतं. मनीषाकडून तू अक्षरं शिकलीस आणि माझ्या लग्नाच्या आहेरावर स्वतःचं नाव स्वतः लिहिलंस, मोठं, तिरकं, विमल. ते पाकीट माझ्याकडे आहे. तो दिवस आठवला की अजून माझी मान ताठ होते.

पण दर दोन-चार महिन्यांनी तू एक प्रश्न विचारायचीस. "तो भाग देखा का तू?" आणि दर वेळी मी म्हणायचे, "हां, देखा." तू म्हणायचीस, "कसा वाटना?" मी म्हणायचे, "चांगला शे." तू माझ्या तोंडाकडे बघायचीस, मी विषय बदलायचे. मी तो बघितलेला नव्हता. लोक त्याबद्दल बोलायला लागले की मी उठून जायचे. मला वाटायचं, तुला माझ्या तोंडून कौतुक हवंय, आणि ते मला द्यायचं नव्हतं. पुढे हसमुखभाईंनी केबल विकली, मालिका बंद पडली, बऱ्याच कॅसेटींवर त्यांनी लग्नं भरली. मला मनातून बरंच वाटलं.

तीन दिवसांपूर्वी मनीषाने पेटीतून ती कॅसेट काढली. तू हसमुखभाईंकडून मागून ठेवली होतीस. शेजारच्यांचा व्हीसीआर आणला आणि आम्ही दोघी बसलो. मी प्रथमच बघितलं. नळ बघितला, डबा बघितला, आधारभाऊंचं अडणं बघितलं. तुझ्या चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. मी आपोआप मतं मोजत गेले, शिक्षिकेची सवय. गजमल नऊ. रुख्मा दहा. जुनी रुख्मा अकरा.

मनीषा म्हणाली, "मावशी, मायची चिठ्ठी मी लिहिली होती. तिला तेव्हा लिहिता येत नव्हतं ना."

मी विचारलं, "काय लिहिलंस?"

"जुनी रुख्मा. मी बोलली, माय, तू स्वतः उभी आहेस तर दुसरीला कशाला? ती बोलली, लिख तू, आणि कोणाला सांगायचं नाही. मी पाच वर्षं नाही सांगितलं."

मी कॅसेट थांबवली. जिजी, स्वतःचं मत स्वतःला टाकलं असतंस तर तू अकरा आणि मी दहा. सगळ्या गल्लीसमोर, कॅमेऱ्यासमोर, तू जिंकली असतीस आणि 'जुनी'चा विषय तिथेच संपला असता. त्याऐवजी उभ्या असलेल्या उमेदवाराने स्वतःचं मत दुसऱ्याला टाकलं आणि तो दुसरा एका मताने निवडून आला. माझ्या वहीत हेच होतं की गं. मी पाच वर्षं म्हणत राहिले की माझा शेवट बदललास. तू त्यातली एक गोष्ट बदलली नव्हतीस. फक्त ते काम गजमलचं होतं ते तू केलंस, आणि दीड पानाचं भाषण गाळलंस, जे गाळायलाच हवं होतं. ते भाषण वाईट होतं. मी परवा काढून वाचलं.

तू 'देखा का' विचारायचीस ते ह्यासाठी होतं. तुला कौतुक नको होतं. मला कळलं की नाही एवढंच बघायचं होतं, आणि मी दर वेळी खोटं बोलले. ह्याचं मला फार वाईट वाटतं. रात्रंदिवस मनात घोळवत बसणारी बाई मी नाही, पण हे माझ्या मनातून जात नाही. एवढं असूनही मला आज जास्त वाटतो तो अभिमान. मी एक तोंडाळ बाई कागदावर काढली होती. तिला तू असं काही केलंस की भेस्तानपासून लिंबायतपर्यंत बायका खऱ्याखुऱ्या रडल्या. माझ्यासाठी रडल्या हा भाग वेगळा.

उद्या तुझं उत्तरकार्य. तू अहेव गेलीस, म्हणून तुझ्या नावाची सवाष्ण पाटावर बसवायची आहे. मनीषाच्या आत्याबाईंचं नाव निघालं होतं. काल संध्याकाळी मनीषा आली, चप्पलही न काढता दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, मायच्या पाटावर तुम्ही बसाल का? पप्पांना मी बोलली आहे. ते हो बोलले." मी तिला आत घेतलं, पाणी दिलं, आणि हो म्हणाले.

तर उद्या मी बसेन. तुझं नाव घेऊन मला कुंकू लावतील, तुझ्या नावाचं लुगडं माझ्या ओटीत घालतील, पुरणपोळी वाढतील. सगळ्या बायका माझ्या पहिल्या घासाची वाट बघतील. मी त्यांना थांबवणार आहे. भेस्तानवाल्या म्हातारीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी सांगणार आहे की रुख्मा मी लिहिली, पहिल्यांदा केली मी, आणि विमलजिजीने ती माझ्यापेक्षा चांगली केली. हे मी तिला तोंडावर सांगितलं नाही, तेही सांगणार आहे. मग जेवीन. रडू आलं तरी पोटभर जेवीन, कारण तुझ्या पाटावरून कुणी उपाशी उठलेलं तुला चालायचं नाही.